पाळण्यातले नाव



एरवी या सदरातून आपण गुडघ्यांविषयी, झोपेविषयी, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळांविषयी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. परंतु तोही आरोग्याच्या अंगणातलाच आहे, आणि घरातील वयोवृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी तो विशेषेकरून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

गेल्या आठवड्यात मला नात झाली. सुनेचे माहेर अकोल्याचे, म्हणून पहिले बाळंतपण तिकडे, आम्ही अमरावतीचे. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले, आणि दुसऱ्याच दिवशी मुलाचा फोन आला. "आई, आमचं दोघांचं एक ठरलं आहे. नुसतं कानाला गोड वाटतं म्हणून नाव ठेवायचं नाही. एखाद्या कर्तबगार बाईचं ठेवायचं. तू आयुष्यभर मराठी शिकवलंस. तूच यादी कर."

निवृत्त शिक्षिकेला याहून आवडते काम कोणते असणार? सासूबाईंना संध्याकाळचा चहा दिला, त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि वही उघडली.

वऱ्हाडच्या लेकी

पहिले नाव सुचले ते अर्थातच रुक्मिणीचे. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. परंपरा त्याला रुक्मिणीचे माहेर मानते, आणि तिथली पालखी दरवर्षी पंढरपुरास जाते. रुक्मिणीला आपण विठ्ठलाशेजारी उभी राहिलेली पाहतो, पण भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणी निराळी आहे. भावाने ठरविलेला वर तिला मान्य नव्हता. तिने ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडला आणि न्यायला कसे यावे, हेही कळविले. आपला निर्णय आपण घेणारी ही वऱ्हाडची लेक.

तिच्या पाठोपाठ दमयंती. तीही विदर्भराजाची कन्या. स्वयंवरात नळाचे रूप घेऊन देव बसले होते. डोळ्यांची पापणी लवते कोणाची, घाम येतो कोणाला, पाय भुईला टेकतात कोणाचे, हे निरखून तिने खरा माणूस ओळखला. पुढे वनवासात हरवलेल्या नवऱ्याचा शोधही तिनेच बुद्धीने लावला. लोपामुद्रेचे नाव तर ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे. महाभारत तिलाही विदर्भराजाच्या घरी वाढलेली कन्या म्हणून ओळखते.

इतिहासाकडे वळले तो सिंदखेडराजा आले. जिजाऊंचा जन्म तेथला, १२ जानेवारी १५९८ चा. त्याच बुलढाणा जिल्ह्यातील दुसरे नाव ताराबाई शिंदे. एका तरुण विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रे साऱ्या स्त्रीजातीलाच दोष देऊ लागली, तेव्हा बुलढाण्यासारख्या गावी राहणाऱ्या या बाईने १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून उत्तर दिले. ते पुस्तक पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले, म्हणून आज आपल्याला तारा हे नाव घेता येते.

अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांचे नाव मी जरा मोठ्या अक्षरांत लिहिले. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री बसली ती १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला, आणि ती कुसुमावती. त्यांचे पती कवी अनिल अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. दोघांच्या पत्रसंग्रहाचे नाव 'कुसुमानिल'. अमरावतीची आई आणि अकोल्याचा बाप यांची नावे एका शब्दात नांदतात, हे पाहून मला आमच्या घराचीही गंमत वाटली. आमच्याकडे एवढे उलटे, की आई अकोल्याची आणि बाप अमरावतीचा. प्रतिभाताई पाटील १९९१ मध्ये अमरावतीतूनच लोकसभेवर निवडून गेल्या होत्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. तेव्हा प्रतिभा हे नावही यादीत आले.

मग एक विचार मनात आला. गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, पंजाबराव देशमुख ही आपल्या वऱ्हाडची दैवते. त्यांच्या आयांची नावे आपल्यातील किती जणांना सांगता येतील? गाडगेबाबांची आई सखुबाई. नवरा व्यसनापायी गेल्यावर लहानग्या डेबूला घेऊन ती मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली आणि तेथे तिने त्याला वाढविले. तुकडोजी महाराजांची आई मंजुळाबाई. पंजाबरावांची आई राधाबाई. ही तीनही नावे मी यादीत घातली. कर्तबगारी नेहमी व्यासपीठावरच असते असे थोडेच आहे?

एकेका बाईची दोन नावे

यादी पुढे सरकू लागली तसे एक निराळेच सत्य समोर येऊ लागले. झाशीच्या राणीचे नाव लिहिले आणि थबकले. लक्ष्मीबाई हे तिचे सासरचे नाव; माहेरची ती मणिकर्णिका. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. माहेरी त्या मनकर्णिका, घरच्यांची मनू. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली. अवघ्या दहा दिवसांचे बाळ उपचारांअभावी गेले, त्या दुःखातून ही मुलगी डॉक्टर झाली. माहेरी तिचे नाव यमुना होते.

म्हणजे आपण थोर स्त्रीचे नाव म्हणून जे उचलतो, ते कित्येकदा तिला लग्नात मिळालेले नाव असते. ताटातील तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवरा नवे नाव लिहितो आणि पाळण्यात कानात सांगितलेले नाव त्या दिवशी मागे राहते. प्रथेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझ्याही लग्नात तांदूळ होते. पण मागे राहिलेल्या त्या नावाचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारत नाही.

याच्या उलट एक नाव आपल्याच भागाशी जोडलेले आहे. १४ नोव्हेंबर १९४८ रोजी वर्धा जिल्ह्यात एका गुराख्याच्या घरी मुलगी जन्मली. नकोशी म्हणून तिला 'चिंधी' म्हणू लागले. फाटक्या कापडाचा तुकडा, हे लेकराचे नाव! चौथीपर्यंत शाळा, बालवयात लग्न, गरोदरपणी घरातून हाकलून देणे, गोठ्यात झालेले बाळंतपण. पुढे तीच सिंधुताई सपकाळ होऊन मेळघाटातील चौऱ्याऐंशी गावांच्या आदिवासींच्या पुनर्वसनासाठी झगडली, आणि चिखलदऱ्याला तिने मुलींचे वसतिगृह उभारले. त्या वसतिगृहाला तिने नाव दिले सावित्रीबाई फुल्यांचे. स्वतः जन्मलेल्या मुलीचे नाव तिने ममता ठेवले. जिला जगाने धड नाव दिले नाही, तिने दुसऱ्यांना नावे देताना कशी निवडली, हे पाहावे. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली; ४ जानेवारी २०२२ रोजी ती गेली.

अशा मुली तिच्यानंतरही होत्याच. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्यातील पुष्कळ जणींनी आपले नाव आपणच निवडले.

हे लिहीत असताना सासूबाईंचा चहा निवून गेला होता. मी त्यांना हाक मारली. त्यांनी मान वळविली नाही. तेव्हा मी त्यांना त्यांच्या दुसऱ्या नावाने हाक मारली.

आमच्या घरातील यादीबाहेरचे नाव

ते दुसरे नाव मला कसे कळले, ते सांगायलाच हवे.

सासूबाई आता सत्त्याऐंशीच्या आहेत. चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसे. दोन वर्षांपूर्वी एक काळ असा आला की, हाक मारली तर त्या उत्तर देईनाशा झाल्या. कानांची तपासणी करून घेतली. वयाच्या मानाने ऐकू ठीक येत होते. लघवीत संसर्ग झाल्यासही म्हातारी माणसे अशी गोंधळतात, म्हणून डॉक्टरांनी तीही तपासणी केली. काही सापडले नाही. घास तोंडाशी नेला की त्या भिंतीकडे पाहत. मी थकत असे, चिडतही असे, आणि रात्री त्याची लाज वाटे.

अशात त्यांच्या माहेरगावची एक बालमैत्रीण अंबादेवीच्या दर्शनाला आलेली, नातवाला सोबत घेऊन आमच्या घरी आली. त्या आजी काठी टेकत खोलीत शिरल्या आणि दारातूनच त्यांनी एक नाव उच्चारले. मी ते पूर्वी कधी ऐकले नव्हते. वर म्हणाल्या, "जेवली काय वं?"

सासूबाईंनी मान वळविली. स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "न्हाई वं. तुह्यीच वाट पाहून रायली होती."

त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या. मी दाराशी उभी होते. या घरात येऊन मला अडतीस वर्षे झाली होती. सासूबाईंच्या औषधांची नावे, मात्रा, वेळा मला मुखोद्गत होत्या. पण त्यांच्या आईने त्यांना कोणत्या नावाने हाक मारली, हे मी एकदाही विचारले नव्हते. त्यांचे सासरचे नाव एका देवीचे आहे. माहेरचे नाव नदीचे होते. आधार कार्डावर, बँकेच्या पुस्तकात, दवाखान्याच्या फाइलवर, कोठेच ते नाही. ते केवळ त्या दोघींच्या स्मरणात शिल्लक होते.

याचे कारण डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले. या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात. बालपणीच्या अधिक काळ टिकतात. लग्नानंतरचे आयुष्य मागून आलेले. म्हणून ते अंधुक होऊ लागले की, त्याबरोबर सासरचे नावही अंधुक होऊ शकते. त्या हट्टीपणाने गप्प नव्हत्या. जिला मी हाक मारीत होते, ती आपण आहोत हेच त्यांना वाटत नव्हते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

म्हणून माझ्यासारख्याच इतरांना, अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

घरातील वृद्ध स्त्रीचे माहेरचे नाव, लाडाचे नाव, गावाचे नाव आणि भावंडांची नावे आजच विचारून लिहून ठेवा. स्मृती शाबूत असतानाच हे करावे. मागाहून सांगणारे कोणी उरत नाही. पुरुषांचीही घरगुती नावे असतात. बापू, नाना, गोटू. तीही नोंदवा.

दवाखान्यात दाखल करण्याची वेळ आल्यास परिचारिकेला ते नाव सांगा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहायला लावा. परक्या जागी, परक्या माणसांत, कागदावरच्या नावाने मारलेल्या हाकेला रुग्ण उत्तर देत नसेल, तर 'प्रतिसाद नाही' असा समज व्हायला नको.

हाक समोरून मारावी, चेहरा दिसेल अशी. उतारवयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी अक्षरे निसटतात. ओरडल्याने आवाज अधिक उंच होतो आणि कळणे कमी होते. खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे.

"ओळखलंत का मी कोण?" ही परीक्षा घेऊ नये. त्याऐवजी, "मी तुमची सून, चहा आणलाय," असे आपणच सांगून मोकळे व्हावे. आणि वागण्यात एकाएकी, दोन-चार दिवसांत मोठा बदल झाला, तर तो आजाराचाच भाग आहे असे गृहीत न धरता डॉक्टरांना दाखवावे.

नाव, कागद आणि बारसे

आता पुन्हा नातीकडे येते. नाव निवडताना आम्ही तीन कसोट्या ठरविल्या; आपल्यालाही उपयोगी पडतील.

पहिली, त्या नावामागची गोष्ट घरातील आजी-आजोबांना पाच मिनिटांत सांगता आली पाहिजे. गोष्टीविना नाव म्हणजे नुसता आवाज. सावित्री हे नाव ठेवले, तर १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता ती स्वतः कशी गेली, हे मुलीला कोणीतरी सांगायला हवे. दुसरी, कवळी लावलेल्या आजोबांना ते नाव उच्चारता आले पाहिजे. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नावाचे ओझे होता कामा नये. जिजाऊ नाव ठेवले म्हणून मुलीला गड जिंकावे लागतील असे नाही. नाव हा आशीर्वाद असावा. अपेक्षांचे पत्रक नव्हे.

कागदाच्या बाजूही ध्यानात ठेवाव्यात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी चालते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तरीही घाई नको आणि आळसही नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. म्हणून नावाचे मराठी आणि इंग्रजी शुद्धलेखन दोनदा तपासावे. आणि एक गोष्ट मला फार समाधानाची वाटते. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. माझ्या नातीच्या नावापुढे प्रथम तिच्या आईचे नाव येईल. सासूबाईंच्या आईचे नाव मात्र कोणत्याही कागदावर नाही.

बारशाविषयी थोडेसे. बारा दिवसांच्या बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी असते. सर्दी, खोकला, ताप असलेल्यांनी, मग ती सख्खी आत्या का असेना, दुरून आशीर्वाद द्यावा. हात धुतल्यावाचून बाळाला घेऊ नये, मुके घेऊ नयेत. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून गंभीर विषबाधेचा धोका असतो. डोळ्यांत काजळ नको. कानात 'कुर्र' हळूच करावे. गाणी म्हणायला हरकत नाही, पण ध्वनिक्षेपक पाळण्यापासून दूर असावा. बाळंतिणीला मधे दोन तास निजू द्यावे. आजी-आजोबांनी बाळ मांडीवर घेताना खुर्चीत टेकून बसावे, कोपराखाली उशी घ्यावी आणि शेजारी कोणी असू द्यावे. उन्हाळ्याचे बारसे असेल, तर आपल्या अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतो, हे विसरू नये. समारंभ सकाळीच उरकावा.

शेवटी काय ठरले

त्या संध्याकाळी यादी पूर्ण झाल्यावर मी सासूबाईंना ती वाचून दाखविली. त्या माझ्या बांगड्या चाळवीत ऐकत होत्या. पणती झाली, हे मी त्यांना दिवसातून तीनदा सांगते आणि तीनदा त्यांना आनंद होतो. मी विचारले, "पोरीचं नाव काय ठेवायचं?" बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी वही मिटली, तेव्हा म्हणाल्या, "काई बी ठेवा. पन पुढं तिचं नाव बदलू नोका बरं."

हे त्या कोणाविषयी बोलल्या, कोणत्या सालातून बोलल्या, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी विचारले, तर त्यांना काही आठवत नव्हते.

मुलाला मी फोन करून हे सांगितले. यादी वाचून दाखविली आणि शेवटी यादीत नसलेले ते नदीचे नावही सांगितले. फोनवर काही वेळ कोणी बोलले नाही. मग सूनच म्हणाली, "आई, हे नाव तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

एका आप्तांनी शंका काढली की, हयात माणसाचे नाव लेकराला ठेवू नये. तशी रीत नाही. शंका मनापासूनची होती, म्हणून तिचा मान ठेवून मी एवढेच म्हटले, की या घरात त्या नावाने कोणी कधी हाकच मारली नाही. ते नाव तर पासष्ट वर्षांपूर्वी तांदळांत राहून गेले आहे. अर्थात निर्णय आई-बापांचा. आजीने यादी द्यावी, गोष्टी द्याव्या, मागितल्यास मत द्यावे आणि गप्प बसावे. हेही एक पथ्यच आहे, आणि गोळ्यांपेक्षा पाळायला कठीण.

दोघांनी ठरविले आहे. एक नाव पाळण्यातले, एक कागदावरचे. एक घरातल्या बाईचे, एक इतिहासातल्या बाईचे. कोणते कोणत्या जागी, ते मी येथे लिहिणार नाही. आत्याने कानात सांगण्यापूर्वी नाव फोडू नये, एवढी रीत मी पाळणार आहे. बारशाच्या दिवशी आमचे हे त्यांच्या आईजवळ थांबतील आणि मी सकाळच्या गाडीने अकोल्याला जाऊन रात्रीपर्यंत परतेन. सव्वा महिन्यानंतर बाळ अमरावतीला येईल. तेव्हा पणजीच्या शेजारी बसून मी त्या नावाने हाक मारीन. दोघींपैकी कोण वळून पाहते, ते पाहू.

तोवर आपणही एक करावे. आज दिवेलागणीला घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे आणि विचारावे, "तुमचं माहेरचं नाव काय होतं हो?" मग तिला बोलू द्यावे.

आपली,
आपलीच एक शुश्रूषक